जुनी कूपे, नवे इंजिन

जुन्या मोटारीवर केलेला खर्च विक्रीच्या वेळी पुरेपूर वसूल होतो, असा अनेकांचा समज असतो. ‘डॅटसन २४०-झेड’ या जपानी कूपेचे अमेरिकेतील उदाहरण पाहण्याजोगे आहे. १९७० मध्ये तेथे ती सुमारे साडेतीन हजार डॉलरला मिळे. १९९७ च्या सुमारास निसान कंपनीने मोजक्याच गाड्या मूळ स्वरूपात आणून २४,९५० डॉलरला विकल्या. काही हौशी मालक मात्र २.४ लिटरच्या जागी २.८ लिटरचे इंजिन बसवितात. गाडी जोमाने धावते खरी, परंतु आपली हौस खरेदीदाराचीही असेलच असे नाही. म्हणून सुज्ञ मालक काढलेले मूळ इंजिन जपून ठेवतो व गाडीसोबतच देतो. खरेदीदाराने इंजिनाआधी तळाचा पत्रा पाहावा. गंज हे या गाडीचे जुने दुखणे, आणि नवा रंग तो सहज झाकतो. रंगकामापूर्वीची छायाचित्रे अवश्य मागावीत.

आपल्याकडे २०२१ च्या नियमांनुसार ‘विंटेज’ नोंदणीसाठी खासगी वापराचे वाहन ५० वर्षांहून जुने हवे, शिवाय चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार नसावा. सौद्यापूर्वी नोंदणीपुस्तकातील क्रमांक गाडीवर ताडून पाहावेत आणि कर्जाचा बोजा उतरला असल्याची खात्री करावी.