यंत्रांचे सांधे : लेखांक 9 — हेडची गळती आणि सीलंटची निवड

रेडिएटरची गळती जमिनीवर डबक्याच्या रूपाने उमटते आणि होजपाइपची गळती हाताला ओली लागते. परंतु मागील लेखांकाच्या अखेरीस जिचा केवळ नामनिर्देश करून आपण थांबलो, ती सिलिंडर हेडच्या सांध्यातील गळती अनेकदा बाहेर एक थेंबही न दाखविता आतल्या आत चालू राहते, आणि गाडी पाणी खाऊ लागली, धुराड्यातून पांढरी वाफ निघू लागली किंवा ऑइलला दुधाळ चहाचा रंग आला, म्हणजे मगच मालकाला तिचा सुगावा लागतो. अशा वेळी जुन्या व्हॅनचा मालक गॅरेजात शिरताच जो पहिला प्रश्न विचारतो, तो बहुधा सीलंटचा असतो. प्रश्न गैर नव्हे; मात्र तो शेवटी विचारावयाचा आहे. गळती कोणत्या सांध्यातून, कशाची आणि किती दाबाखाली होत आहे याची रुजुवात झाल्यावाचून सीलंट निवडणे म्हणजे दुकानदाराच्या फळीवर जी ट्यूब हाताशी असेल तिच्यावर इंजिन सोपविणे होय.

हेड आणि ब्लॉक यांच्यामधील एकाच सांध्यावर सामान्यतः तीन कामगिऱ्या सोपविलेल्या असतात. दहनकोष्ठातील वायू कोंडून धरणे ही त्यांतील पहिली आणि सर्वांत बिकट. कारण पेट्रोल इंजिनात ज्वलनाच्या क्षणी वायुमंडलाच्या चाळीस-पन्नास पट दाब उत्पन्न होऊ शकतो आणि ज्वालेचे तापमान 2000 अंश सेल्सियसच्याही पलीकडे जाते. दुसरी कामगिरी पाणी अडविण्याची. तेथील दाब रेडिएटरच्या झाकणातील स्प्रिंग ठरविते आणि तो साधारणतः एका बारच्या आसपासच राहतो. तिसरी ऑइलची. आता उत्तमोत्तम सिलिकॉनदेखील 300 अंशांच्या पुढे फारसे तग धरीत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे पहिल्या कामगिरीवर कोणत्याही ट्यूबची नेमणूक करणे किती व्यर्थ आहे, हे निराळे सांगावयास नको.

आपल्याकडे 1984 साली रस्त्यावर आलेल्या आणि पुढे ओम्नी या नावाने सर्वतोमुखी झालेल्या मारुती व्हॅनचा दाखला घेऊ. चालकाच्या आसनाखाली दडलेले तिचे 796 सीसीचे तीन सिलिंडरांचे इंजिन. त्याचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे. ॲल्युमिनियम उष्णतेने बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे 30 सेंटिमीटर लांबीचे हेड 80 अंशांनी तापले तर ते तेवढ्याच बिडापेक्षा पाव मिलिमीटरहून थोडे अधिक वाढू पाहते, आणि हे ओढणे-घासणे दोहोंच्या मध्ये सापडलेल्या गॅस्केटला, म्हणजे मिस्त्रींच्या पॅकिंगला, इंजिन तापेल-निवेल तितक्या वेळा सोसावे लागते. त्यातच एखाद्या घाटात पाणी आटून गाडी खरोखरीच तापली, तर हेड वाकते. हेड उतरवून, पृष्ठभाग खरवडून स्वच्छ करून, त्यावर पोलादी सरळपट्टी प्रथम उभी-आडवी आणि मग दोन्ही कर्णांवर तिरपी ठेवावी, आणि तिच्याखाली फिलर गेजची 0.05 मिलिमीटरची पाती सरकवून पाहावी. पाती शिरली, तर हेडला फेस मारून, म्हणजे त्याचा पृष्ठभाग यंत्रावर सपाट करून, घेण्यावाचून गत्यंतर नाही. फेस मारलेल्या हेडवर नवे पॅकिंग कोरडेच बसवावयाचे आणि बोल्ट ठरल्या क्रमाने, टॉर्क पान्याने, टप्प्याटप्प्याने आवळावयाचे. पॅकिंगच्या दोन्ही अंगांना ‘थोडे ॲनाबॉण्ड’, म्हणजे ट्यूबमधले सिलिकॉन, फासण्याचा दस्तूर अनेक गॅरेजांत रूढ आहे. मला तो सर्वस्वी नापसंत आहे. त्या निसरड्या थरावर पॅकिंग आवळताना सरकू शकते, आणि कडेने आत निघालेला सिलिकॉनचा लगदा पाण्याच्या छिद्रांत जाऊन बसतो. म्हणजे ज्या तापण्याने हेड वाकविले त्याच तापण्याची तजवीज आपण स्वहस्ते करून ठेवतो.

मग हेडच्या मामल्यात सीलंटला मुळी स्थानच नाही काय? आहे, परंतु ते पाहण्यासाठी जर्मनीतील फोक्सवॅगनच्या तिसऱ्या पिढीच्या व्हॅनकडे वळावे लागते. 1982 पर्यंत हवेने निवणाऱ्या या व्हॅनच्या पेट्रोल इंजिनाला त्या वर्षाच्या उत्तरार्धात पाण्याची जोड मिळाली; प्रथम 1.9 आणि पुढे 2.1 लिटरचे हे इंजिन ‘वासरबॉक्सर’ म्हणून ओळखले जाते. त्याचे चार सिलिंडर दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे असे आडवे निजविलेले असून दोन्ही बाजूंना एकेक हेड आहे. रचनाकारांनी येथे वर सांगितलेल्या कामगिऱ्यांची चक्क वाटणी करून टाकली: प्रत्येक लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या बिडाच्या नळकांड्याच्या, तोंडाशी धातूचे कडे बसवून वायूचा बंदोबस्त केला, आणि लायनरांभोवतीच्या पाण्याला बाहेरच्या कडेने रबरी गॅस्केटचे कुंपण घातले. हेड आवळणारे स्टड पाण्याच्या पोकळीतून येत असल्यामुळे त्यांच्या नटांखालीही सीलंट लावावे लागते.

वाटणी तर्कशुद्ध होती. दोष निघाला तो रबराखाली. रबर आणि ॲल्युमिनियम यांच्यामधील अरुंद फटीत पाणी साचून राहते, तेथे प्राणवायू पोहोचत नाही, आणि अशा निपचित पाण्यात ॲल्युमिनियमचे क्षरण वेगाने होऊन हेडच्या कडेवर खड्डे पडतात. कूलंट वेळच्या वेळी न बदलणाऱ्यांच्या, किंवा अयोग्य कूलंट भरणाऱ्यांच्या, वाट्याला हे लवकर येते. या सांध्याशी दाब अल्प आणि तापमान पाण्याचे, म्हणून सीलंटला येथे खरोखरीच काम आहे. तथापि थर मात्र पातळच हवा. सीलंटचा जाड थर, किंवा खड्डे बुजविण्यासाठी थापलेला गोळा रबराखाली राहिला, तर हेड धातूच्या कड्यावर टेकण्याऐवजी बाहेरच्या कडेवर टेकते, आणि पाण्याची गळती थांबविण्याच्या नादात वायूची गळती पदरी पडते. खोल खड्डे वेल्डिंगने भरून पृष्ठभाग यंत्रावर सपाट करून घ्यावा. ते काम ट्यूबचे नव्हे.

आता निवडीचा तपशील. ज्या सिलिकॉनला सुकताना शिरक्याचा उग्र वास येतो, त्यातून ॲसेटिक आम्ल सुटत असते, आणि आधीच क्षरणाने पोखरलेल्या ॲल्युमिनियमवर ते लावणे शहाणपणाचे नाही. सिलिकॉनच वापरावयाचे तर उदासीन जातीचे घ्यावे आणि ते हवेतील आर्द्रतेने पक्के होईपर्यंत चोवीस तास पाणी भरू नये. अमेरिकेतील हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात रसायनशास्त्र शिकविणाऱ्या व्हर्नन क्रीबल यांनी 1953 साली ज्या अवायुजीवी सीलंटांचा पाया घातला, ती द्रव्ये हवा वगळली जाताच धातूच्या सान्निध्यात घट्ट होतात; दोन घडीव धातुपृष्ठांमध्ये ती अप्रतिम, परंतु रबराशी त्यांची गाठ पडली तर ती नीट घट्ट होण्याचा भरवसा नाही, म्हणून येथे ती बाद. उरतात ती कधीच न वाळणारी लेपद्रव्ये: रोल्स-रॉइसच्या सहभागाने घडलेले निळे हायलोमार, किंवा जर्मन एलरिंगचे क्युरिल. हेड आणि रबर तापण्या-निवण्याबरोबर किंचित हलत राहतात, आणि न वाळणारा लेप त्या हालचालीबरोबर हलतो; शिवाय पुढे कधी हेड उतरवावे लागलेच तर तो विनासायास पुसता येतो. वासरबॉक्सरच्या रबरासाठी आणि नटांसाठी माझी पसंती याच वर्गाला आहे.

राहिला तो रेडिएटरमध्ये ओतावयाच्या औषधांचा प्रकार. आपल्याकडील जुने ड्रायव्हर गळक्या रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकून मुक्कामाचे गाव गाठीत, आणि आडरानात तो उपाय क्षम्य आहे. बाटलीत मिळणाऱ्या काही औषधांत सोडियम सिलिकेट असते. गळतीच्या तप्त जागी त्यातील पाणी उडून काचेसारखा खडा बनतो व बारीक चीर बुजते. परंतु वासरबॉक्सरचे इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे, मध्ये साऱ्या गाडीची लांबी तुडविणारे पाइप. औषध ओतले की ते चिरेपाशीच जाईल अशी हमी कोणी द्यावी? हीटरचे बारीक मार्ग त्याला अगोदर भेटतात. म्हणून जी गाडी अजून काही वर्षे चालवावयाची आहे, तिच्या पाण्यात असले काही न घालता हेड उतरविण्याचाच खर्च करावा. आणि हेड उतरलेच आहे तर पाण्याचा पंपही काढून पाहावा, ज्याचा विचार पुढील लेखांकात करावयाचा आहे.

(क्रमशः)