कबड्डीत पकड का सुटते? हात बघण्याआधी पाय बघा!

भिवंडीहून वाड्याकडे जाताना वाटेत अंबाडी लागतं. इथून एक रस्ता वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे वळतो. ठाणे जिल्ह्याच्या या पट्ट्यात कबड्डी गावोगावी खेळली जाते. कुठल्याही गावाच्या मैदानावर संध्याकाळी उभं राहिलात, तर एक दृश्य हमखास दिसेल. प्रो कबड्डीत पाहिलेली घोटा पकड एखादा पोरगा जशीच्या तशी करायला जातो. झेप जोरदार असते, पण चढाईपटू निसटतो आणि पोरगा तोंडावर आपटतो.

बाहेरून लगेच ओरडा होतो, "अरे, हात घट्ट धर ना!"

पण चूक बहुतेक वेळा हातांची नसतेच. ती झेप घेण्याच्या आधीच झालेली असते, तो पोरगा जसा उभा होता त्यात. या उभं राहण्यालाच आपल्याकडे कुस्तीच्या आखाड्यापासून एक नेमका शब्द आहे : पवित्रा.

पवित्रा म्हणजे नेमकं काय?

पवित्रा ही फोटोसाठी घेतलेली पोझ नव्हे. पुढच्या क्षणी कुठल्याही दिशेला निघता येईल, अशी शरीराची तयारी म्हणजे पवित्रा.

स्वतः करून बघा. पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून उभे राहा आणि कुणाला तरी खांद्याला हलका धक्का द्यायला सांगा. तोल लगेच जाईल. आता पाय खांद्यांपेक्षा थोडे जास्त फाकवा, एक पाय किंचित पुढे घ्या, गुडघे वाकवा आणि पुन्हा धक्का घ्या. या वेळी तुम्ही सहज तग धराल. कारण साधं आहे. पायांखालचा पाया रुंद झाला आणि शरीराचं वजन जमिनीच्या जवळ आलं.

दुसरी गोष्ट टाचांची. वजन टाचांवर असेल, तर पळण्याआधी ते पुढे आणावं लागतं आणि त्यातच क्षणभर वाया जातो. वजन चवड्यांवर असेल, तर तो क्षण वाचतो. कबड्डीत तेवढ्यात चढाईपटू हात लावून मध्यरेषेकडे परत फिरलेला असतो.

कोपऱ्यातल्या खेळाडूचा पवित्रा वेगळा का?

पुरुषांच्या कबड्डीचं मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद असतं. प्रत्येक संघाच्या वाट्याला साडेसहा मीटर येतात. मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर निदान रेषा आणि त्याच्या मागे एक मीटरवर बोनस रेषा असते. एवढ्याशा जागेत सात जणांनी चढाईपटूला 30 सेकंद तोंड द्यायचं असतं.

कोपरारक्षकाच्या एका बाजूला सीमारेषा असते. झटापट सुरू होण्याआधी त्याचा पाय रेषेबाहेर पडला, तर तो बाद. म्हणून बाहेरच्या पायावर सगळं वजन टाकून त्याला चालत नाही. शिवाय शेजारच्या खेळाडूशी त्याची हातांची साखळी असते. एक जण ताठ आणि दुसरा वाकलेला असेल, तर ओढाताणीत साखळी तिथेच तुटते.

आता बोनसचा नियम बघा. समोर सहा किंवा सात बचावपटू असताना चढाईपटूला बोनस गुण मिळू शकतो. त्यासाठी त्याचा एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकलेला असावा लागतो आणि त्याच वेळी मागचा पाय हवेत असावा लागतो. म्हणजे त्या क्षणी तो एका पायावर उभा असतो! त्याचा पवित्रा सगळ्यात कच्चा असतो तो याच वेळी. घोटा पकडीची खरी संधी हीच. पण ती साधायची, तर बचावपटू आधीपासून खाली बसलेला हवा. ताठ उभा असलेला खेळाडू खाली वाकेपर्यंत पाय निघून गेलेला असतो.

अमेरिकन फुटबॉलमधला धडा

पवित्र्याचा सगळ्यात बारकाईने विचार करणाऱ्या खेळांमध्ये अमेरिकन फुटबॉल येतो. तिथे पुढच्या फळीतले खेळाडू दोन पाय आणि एक हात जमिनीला टेकवून बसतात. याला 'थ्री-पॉइंट स्टान्स' म्हणतात. आक्रमण करणाऱ्या संघाच्या फळीतला खेळाडू असा बसल्यावर चेंडू खेळात येण्याआधी नुसता दचकला, तरी त्याच्या संघाला पाच यार्डांचा दंड बसतो.

टेकलेल्या हातावर किती भार टाकायचा, हेही तिथे शिकवलं जातं. जास्त भार दिला तर पुढे मुसंडी जोरात मारता येते, पण मागे किंवा बाजूला सरकणं कठीण होतं. शिवाय कुठे जायचं आहे, ते प्रतिस्पर्ध्याला आधीच कळतं. कबड्डीतही हेच होतं. एका बाजूला झुकून उभा राहिलेला बचावपटू आपला बेत स्वतःच सांगून टाकतो.

पण याच पवित्र्याची एक धोक्याची बाजू आहे. हात टेकवून बसलेला खेळाडू उठतो तेव्हा डोकं पुढे असतं आणि टक्कर डोक्यानेच होऊ शकते. म्हणूनच अमेरिकेतल्या 'पॉप वॉर्नर' या मुलांच्या फुटबॉल संस्थेने 2019 मध्ये सगळ्यात लहान वयोगटांसाठी हा पवित्रा बंद केला. त्याऐवजी मुलांनी ताठ उभं राहावं किंवा हात मांड्यांवर ठेवून अर्धवट बसावं, असं ठरलं.

अंबाडीतल्या मुलाला याच्याशी काय देणंघेणं? कबड्डीत तर हेल्मेटही नसतं. मान खाली घालून घोटा धरायला गेलेल्या मुलाचं डोकं थेट चढाईपटूच्या गुडघ्यासमोर येतं. कमरेतून वाकलं की नजर जमिनीकडे जाते. गुडघे आणि खुब्यातून वाकलं, तर छाती उघडी राहते आणि नजर समोर राहते. डोकं वाचवणारा फरक एवढाच आहे.

गुडघ्याचंही तसंच. गुडघा आत वळलेला असताना अंगावर धक्का आला, तर आतला अस्थिबंध तुटू शकतो. त्याची शस्त्रक्रिया झाली, तर मैदानात परतायला साधारण नऊ महिने तरी लागतात. मॅटवर बूट घालून खेळताना पाय जास्त घट्ट रोवला जातो. त्यामुळे मातीवर अनवाणी खेळणाऱ्या मुलांनी मॅटवर गेल्यावर ही काळजी जास्तच घ्यायला हवी.

मग शिकवायचं कसं?

यासाठी महागडं साहित्य लागत नाही. क्रम मात्र पाळावा लागतो.

1. पुढचा पाय ओळखा. मुलाला सरळ उभं करून मागून हलकेच ढकला. सावरताना जो पाय आपोआप पुढे येतो, तिथून सुरुवात करा.

2. खुर्चीत बसायला लावा. "मागे खुर्ची आहे, त्यावर अर्धं बस," असं सांगितलं की मूल कमरेऐवजी खुब्यातून वाकतं. गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने आणि हनुवटी वर.

3. धक्का देऊन तपासा. चारही बाजूंनी खांद्याला हलका धक्का द्या. ज्या बाजूला मूल पडतं, तिथे पाय सुधारा.

4. पवित्र्यातच चालवा. डावीकडे, उजवीकडे, मागे, छोट्या पावलांनी. पायांची कात्री होऊ द्यायची नाही. मग दोघांची साखळी करून हेच करा.

5. पकड सगळ्यात शेवटी. तीही आधी संथ आणि मऊ जमिनीवर.

आणखी एक गोष्ट. पुरुषांचा सामना 20-20 मिनिटांच्या दोन डावांचा असतो. दमलेला खेळाडू नकळत ताठ होत जातो. म्हणून सरावाच्या शेवटी, पाय भरून आलेले असताना, पवित्रा पुन्हा तपासायला हवा. सामन्यात उपयोगी पडतो तो हाच, थकल्यावरही टिकणारा पवित्रा.

प्रो कबड्डीच्या रीलमध्ये झेप दिसते, कारण टाळ्या तिलाच पडतात. पुढच्या वेळी तीच रील झेपेच्या दोन सेकंद आधी थांबवा आणि बचावपटूचे पाय बघा. मैदानावर जाणाऱ्या पोरांनाही ते आवर्जून दाखवा!