ए-लेव्हलचा सर्वांत अवघड पेपर कोणता?

गेल्या गणपतीत एका स्नेह्यांकडे आरतीला जमलो होतो. प्रसाद झाला, मुले आतल्या खोलीत गेली आणि आम्हा पालकांचे बोलणे नेहमीप्रमाणे शाळा, ट्यूशन आणि ए-लेव्हल या वळणावर आले. एका गृहस्थांचा मुलगा पुढच्या वर्षी ज्युनिअर कॉलेजात जाणार होता. ते मला म्हणाले, ‘‘तुमची मुलगी यातून गेली आहे. सगळ्यांत अवघड विषय कुठला तेवढे सांगा, म्हणजे तो टाळता येईल.’’

मी तोंड उघडण्याआधीच मंडळींनी उत्तरे दिली. कोणी म्हणाले फर्दर मॅथ्स, कोणी केमिस्ट्री, कोणी फिजिक्स. जनरल पेपरचे नाव एकानेही घेतले नाही. काही वर्षांपूर्वी मीही घेतले नसते. त्या संध्याकाळी दोन वाक्यांत सांगता आले नाही ते येथे सविस्तर लिहीत आहे.

ज्यांची मुले अजून लहान आहेत त्यांच्यासाठी प्रथम परीक्षेची रचना सांगतो. २००६ पासून येथील ए-लेव्हलचे विषय एच-वन, एच-टू आणि एच-थ्री अशा पातळ्यांत विभागले आहेत. एच-टू म्हणजे पूर्ण विषय. एच-वन म्हणजे साधारण निम्मा अभ्यासक्रम, पण खोली तीच. एच-थ्री हा हौसेचा आणि कुवतीचा भाग. बहुतेक मुले तीन एच-टू आणि एक एच-वन विषय घेतात. त्यांतला किमान एक आपल्या शाखेबाहेरचा असावा लागतो, म्हणजे विज्ञानाच्या मुलाला इकॉनॉमिक्स, इतिहास, भूगोल किंवा साहित्य यांपैकी काहीतरी घ्यावेच लागते. शिवाय जनरल पेपर, प्रोजेक्ट वर्क आणि मातृभाषा आहेतच. या ‘मातृभाषे’त १९९० पासून तमिळखेरीज हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दू या भारतीय भाषा घेता येतात. मराठी त्यांत नाही. म्हणून आपल्यापैकी अनेकांची मुले घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि मातृभाषेच्या पेपरात हिंदी असा तिहेरी संसार करतात.

आता अवघडपणाकडे वळू. आपला पहिला विचार असा असतो की ज्या विषयात निकाल कमी तो अवघड. हे गणित फसवे आहे. इंग्लंडच्या ए-लेव्हलमध्ये फर्दर मॅथ्स घेणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना ए किंवा ए-स्टार श्रेणी मिळते. मग तो विषय सोपा म्हणायचा का? मुळीच नाही. ज्यांना गणिताची मनापासून गोडी आहे तीच मुले तो घेतात, म्हणून निकाल चांगला दिसतो. अमेरिकेतल्या आपल्या भाचे-पुतण्यांच्या एपी परीक्षेतही हेच दिसते. ‘फिजिक्स १’ या बीजगणितावर आधारलेल्या पेपरात २०२३ पर्यंत कित्येक वर्षे दहा टक्क्यांहून कमी मुलांना सर्वोच्च ५ हा गुण मिळत असे. कॅल्क्युलस लागणाऱ्या ‘फिजिक्स सी’च्या मेकॅनिक्स या पेपरात मात्र चौथ्या हिश्शाच्या आसपास किंवा त्याहून जास्त मुले ५ मिळवत. वरचा पेपर कठीण, पण तेथवर पोचणारी मुले आधीच गाळून आलेली असतात. तेव्हा निकालावरून पेपराची परीक्षा होत नाही. तो कोणी दिला हेही पाहावे लागते.

म्हणून अवघडपणाचे प्रकार वेगळे करून पाहणे बरे. माझ्या पाहण्यात ते तीन आहेत.

पहिला प्रकार भाराचा. बायॉलॉजी आणि केमिस्ट्री येथे मोडतात. ऑरगॅनिक केमिस्ट्रीतील अभिक्रिया एकेकट्या कठीण नसतात, पण त्या सगळ्या एकदम डोक्यात ठेवून अनोळखी रेणूला लावायच्या असतात. हा भार नियमित अभ्यासाने उचलता येतो. आपली मुले यात सहसा मागे पडत नाहीत.

दुसरा प्रकार लांब पल्ल्याच्या विचाराचा. एच-टू गणिताचे तीन-तीन तासांचे दोन पेपर असतात. दुसऱ्या पेपराचे साठ टक्के गुण संभाव्यता आणि संख्याशास्त्राचे. व्यवहारातला प्रसंग देऊन त्यातून समीकरण मुलाने स्वतः उभे करावे, असेही प्रश्न असतात. फर्दर मॅथ्स २००६ च्या फेररचनेत बंद झाले होते, ते २०१६ मध्ये पुन्हा सुरू झाले. ते एच-टू गणिताच्या जोडीनेच घ्यावे लागते. त्यात मॅट्रायसेस आणि लिनिअर स्पेसेससारखे भाग आहेत. ज्याला आवड आहे त्याला हा विषय आनंद देतो. शेजाऱ्याच्या मुलाने घेतला म्हणून घेणाऱ्याला तो दोन वर्षे छळतो.

तिसरा प्रकार निर्णयाचा, आणि आपण पालक नेमके येथेच चुकतो. इकॉनॉमिक्स, इतिहास आणि जनरल पेपर यांत नुसती माहिती पुरत नाही. दोन्ही बाजू मांडून कोणती बाजू का जड हे ठरवावे लागते आणि ते ठरवल्याचे उत्तरात दिसावे लागते. आपण ज्या बारावीतून आलो तिच्यात अपेक्षित प्रश्नसंच होते, क्लासच्या नोट्स होत्या आणि अभियांत्रिकी-वैद्यकीयचे लक्ष पीसीएम किंवा पीसीबीच्या बेरजेवर होते. इंग्रजीचा पेपर पास झाला की पुरे. ‘भाषा म्हणजे फालतू विषय’ हे गणित आपण सामानाबरोबर येथे घेऊन आलो.

जनरल पेपरचे दोन भाग. पहिल्यात एक निबंध, दुसऱ्यात उतारे, त्यांवरील प्रश्न आणि सारांश. दुसऱ्याच भागात शेवटी एक प्रश्न असतो. त्यात लेखकाची मते तपासून ती आपल्या स्वतःच्या समाजाला कितपत लागू पडतात हे लिहायचे असते. अभ्यासक्रमाचे असे पाठ्यपुस्तक नाही. धडा पाठ करून येथे काही साधत नाही.

माझी मुलगी फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित घेऊन बसली होती, जोडीला एच-वन इकॉनॉमिक्स. तिन्ही विषयांना मी ट्यूशन लावली. जीपीबद्दल म्हणालो, ‘‘रोज वर्तमानपत्र वाच, झाले.’’ दुसऱ्या वर्षीच्या प्रिलिम्समध्ये गणितात ए आला आणि जीपीत ई. मला आधी वाटले, इंग्रजी कच्चे राहिले. तिचे पेपर वाचायला घेतले तर इंग्रजी माझ्यापेक्षा चांगले होते. प्रश्न घरांविषयीच्या सरकारी धोरणाचा होता. तिने बाजूने तीन मुद्दे लिहिले, विरोधात तीन लिहिले आणि शेवटी म्हटले की दोन्ही बाजूंत तथ्य आहे. म्हणजे तिने कौल दिलाच नव्हता.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्याहून विचार करायला लावणारे होते. मी विचारले, ‘‘आपल्या समाजाविषयी लिहायचे होते, मग एवढे मोघम का?’’ ती म्हणाली, ‘‘बाबा, माझा समाज कोणता ते आधी सांगा. शाळेत सिंगापूर, घरी तुम्ही म्हणता आपल्याकडे, म्हणजे पुणे.’’ मला उत्तर देता आले नाही. मग आम्ही रोज जेवताना एक विषय घ्यायचा असे ठरवले. आपण एचडीबीत राहतो. येथील सुमारे ऐंशी टक्के रहिवासी अशाच घरांत राहतात. १९८९ पासून प्रत्येक इमारतीत कोणत्या वंशाच्या किती कुटुंबांनी राहावे याची मर्यादा आहे. हे योग्य का? घर विकताना कोणाला अडचण येते? मुंबईत अमुक लोकांनाच घर देणाऱ्या सोसायट्या असतात, त्यापेक्षा हे बरे की वाईट? पहिले काही दिवस मीच बोलत होतो. नंतर ती मला अडवू लागली. दोन्ही देश माहीत असणे ही अडचण नसून तिच्या हातातले माप आहे हे तिला उमगले. अखेरच्या परीक्षेत बी आला. ए नाही आला, पण मते मांडताना ती आता चाचरत नाही.

आता थोडा हिशेब, कारण आपली मंडळी हिशेबाने पटतात. २०२६ च्या विद्यापीठ प्रवेशापासून एकूण गुणांक ९० ऐवजी ७० चा झाला: तीन एच-टूचे प्रत्येकी २० आणि जनरल पेपरचे १०. चौथा विषय आणि मातृभाषा यांचे गुण फायदा होत असेल तरच धरतात. प्रोजेक्ट वर्क आता फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण. एच-टूमध्ये एक श्रेणी घसरली तर अडीच गुण जातात. जीपीत ए ऐवजी सी आला तरी अडीचच जातात. म्हणजे जीपीतल्या दोन श्रेणी आणि केमिस्ट्रीतली एक श्रेणी यांची किंमत सारखी. पण केमिस्ट्रीला आपण आठवड्याचे किती तास आणि किती डॉलर देतो, आणि जीपीला किती?

याच बदलाचा दुसरा अर्थ असा की शाखेबाहेरचा चौथा विषय आता भीतीने निवडायचे कारण उरले नाही. तो जमला नाही तर गुणांक खाली ओढत नाही. विज्ञानाच्या मुलाला इतिहास आवडत असेल तर घेऊ द्यावा.

प्रिलिम्सबद्दलही एक शब्द. अनेक कॉलेजे हे पेपर मुद्दाम कडक काढतात. तेथे डी किंवा ई दिसला म्हणून रातोरात चौथी ट्यूशन लावू नये. देशभरात गेली काही वर्षे नव्वद टक्क्यांहून अधिक विद्यार्थी तीन एच-टू आणि जीपीत उत्तीर्ण होतात. श्रेणी पाहण्याआधी उत्तरपत्रिका पाहावी. माहिती कमी पडली, वेळ कमी पडला की कौल द्यायचा राहिला, हे तिच्यातच कळते आणि प्रत्येकाचा उपाय निराळा आहे.

त्या गृहस्थांना मी शेवटी एवढेच म्हणालो की सर्वांत अवघड विषय टाळता येणार नाही, कारण तो सक्तीचा आहे. पण त्याची तयारी जेवणाच्या टेबलावर फुकटात होते. अट एकच, मुलाने आपल्याला खोडून काढले तर आपण ऐकून घ्यायचे. ते हसले आणि आतल्या खोलीकडे पाहून म्हणाले, ‘‘हाच पेपर मला जड जाणार.’’