कारेलीबागची गाडी बंद करायची का? आधी चार्ट नीट लावूया



मागच्या बैठकीत विषय निघाला होता. वडोद्याच्या कारेलीबागेतल्या ऑर्डरी कमी होत चालल्यात, मग महामार्ग ४८ ने दर आठवड्याला गाडी पाठवणं परवडतं का? आम्हीच कॉम्प्युटरवरचा चार्ट दाखवला होता. त्यात खांब उतरत गेलेले दिसले आणि बऱ्याच जणांनी मान हलवली. बैठक संपल्यावर आम्ही तो चार्ट पुन्हा उघडून बघितला. चार्ट खोटा नव्हता, पण आम्ही तो घाईत लावला होता. काय चुकलं आणि कसं लावायला हवं होतं, ते सगळ्यांना कळावं म्हणून हे लिहितोय.

आपल्या सोसायटीत सीआरएम सॉफ्टवेअर आहे. नाव मोठं, काम वहीचंच. गिऱ्हाईक कोण, कुठलं, काय घेतलं, किती घेतलं, कधी घेतलं, पैसे आले का, एवढं त्यात लिहायचं. मग त्याच नोंदींवरून चार्ट निघतो.

आम्ही काढला होता तो साधा चार्ट, म्हणजे महिन्याला एक खांब. पण आपल्याला हवा गटवार चार्ट. त्यात प्रत्येक महिन्याखाली शेजारी शेजारी वेगळ्या रंगाचे खांब येतात : पापलेट, ओला बोंबील, सुका बोंबील. काय वाढलं आणि काय घटलं ते वेगवेगळं दिसतं. एकावर एक रचलेले खांबही मिळतात, पण ते एकूण बेरीज बघायला बरे. माशामाशाची तुलना करायची तर शेजारी शेजारीच हवेत.

लावायचं असं :

१. आधी रिपोर्टला गट द्या. पहिला गट महिना, दुसरा गट मासळीचा प्रकार. सेल्सफोर्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये तर गट दिल्याशिवाय रिपोर्टवर चार्ट चढतच नाही. तारखेचा गट देताना ‘महिना’ निवडा, नाहीतर रोजचा एक खांब येतो आणि नुसतं जंगल दिसतं.

२. खांबाची उंची कशावरून, ते बघा. आमची मोठी चूक इथेच झाली. पुष्कळदा सॉफ्टवेअर आपणहून नोंदींची संख्या मोजतं, माल नाही. समजा, आधी २० घरं प्रत्येकी २ किलो मागवत होती. ऑर्डरी २०, माल ४० किलो. मग शेजारच्या चार-चार घरांनी मिळून एकाच्या नावावर १० किलो मागवायला सुरुवात केली. ऑर्डरी ५, माल ५० किलो. संख्येचा खांब पाव झाला, पण माल वाढला! कारेलीबागेत असंच एकत्र मागवणं सुरू झालंय. म्हणून ‘संख्या’ काढून ‘किलोची बेरीज’ निवडा.

३. ओलं आणि सुकं किलोत एकत्र धरू नका. बोंबील सुकला की पाणी उडून वजन फार घटतं. दोघांची तुलना करायची असेल तर रुपयांची बेरीज घ्या.

४. एका माशाला एकच नाव. आमच्या नोंदींत कुठे बोंबील, कुठे गुजराती गिऱ्हाइकाच्या तोंडचं बूमला, कुठे बॉम्बे डक. सॉफ्टवेअरला तीन मासे वाटले आणि त्याने तीन खांब काढले. आता टाईप करायचं बंद, यादीतूनच निवडायचं. पण नावं एकत्र करताना भान ठेवा. पापलेट आणि हलवा हे दोन वेगळे मासे, त्यांचे भावही वेगळे. ते एका खांबात घालायचे नाहीत.

५. रद्द झालेल्या ऑर्डरी गाळा. माल पोचलेल्याच नोंदी घ्या.

६. वर्ष आपलं धरा. सॉफ्टवेअर जानेवारीपासून नाहीतर एप्रिलपासून मोजतं. आपला हंगाम १ ऑगस्टला सुरू होतो, १ जून ते ३१ जुलै बंदी. म्हणून तारीख १ ऑगस्ट ते ३१ जुलै द्या. नोंद नसलेला महिना काही सॉफ्टवेअर गाळून टाकतं, मग ओल्या मासळीत मेच्या शेजारी थेट ऑगस्ट येतो. ‘रिकामे महिने दाखवा’ अशी सोय असेल तर ती चालू करा. आणि तुलना करायची ती मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी.

हे सगळं करून चार्ट पुन्हा काढला. पापलेटचा खांब खरंच उतरलाय, ते लपवत नाही. ओला बोंबील मात्र टिकून आहे. आणि जून-जुलैत, होड्या किनाऱ्यावर असताना, सुक्या बोंबलाचा खांब एकटा उभा आहे. तो माल आपल्या घरच्या बायकांनी वलांडीवर सुकवलेला. पहिल्या चार्टवर विश्वास ठेवून गाडी बंद केली असती, तर बंदीच्या दोन महिन्यांतली त्यांची ही कमाई आम्ही न बघताच तोडली असती.

म्हणजे गाडी चालूच ठेवा असं आम्ही म्हणत नाही. अजून एक चार्ट बाकी आहे : पहिला गट महिना, दुसरा गट ‘पैसे आले’ की ‘उधारी’. उंचीला रुपये. त्याच्या शेजारी गाडीभाडं आणि बर्फाचा खर्च ठेवू. मगच ठरवू.

ज्या वडोद्यात आपला माल जातो, तिथेच १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी अन्योन्य सहकारी मंडळी उभी केली होती. तेव्हा हिशेब वहीत, आता पडद्यावर. पण चार जणांनी वाचून तपासला तरच तो सगळ्यांचा.

पुढच्या बैठकीत दोन्ही चार्ट भिंतीवर लावतोय, जुना चुकलेला आणि नवा. नाखवा, तांडेल मंडळींनी यावंच, आणि सुकं विकणाऱ्या ताई-मावशींनी तर नक्की यावं. कुठला खांब पटला नाही तर तिथेच विचारा, नोंद उघडून दाखवू.

आपला,
सचिव