जुना ट्रॅक्टर घरी दुरुस्त करताना: इंजिन खोलण्याआधी काय तपासावे?

शेडच्या कडेला दोन-तीन वर्षे उभा असलेला ट्रॅक्टर पुन्हा चालू करायचा ठरला, की बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट होते. शेजारची बॅटरी आणून सेल्फ मारला जातो आणि इंजिन नाही उचलले तर दुसऱ्या ट्रॅक्टरला साखळी बांधून ओढले जाते. तसे करू नका. सायलेन्सरमधून पावसाचे पाणी सिलिंडरमध्ये उतरलेले असू शकते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. त्यामुळे पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो. दोन दिवसांत मार्गी लागणारे काम मग पूर्ण इंजिनावर जाते.

मॅसी फर्ग्युसन १०३५, महिंद्रा बी-२७५, एचएमटी २५११ असे जुने ट्रॅक्टर घरी दुरुस्त करण्याजोगे आहेत. डिझेल पंप यांत्रिक, सेन्सर नाहीत, आणि बहुतेक बोल्ट साध्या पान्याने निघतात. मात्र खर्च वाढतो तो तपासणी न करता इंजिन खोलल्यामुळे. ट्रॅक्टर सुरू होत नाही किंवा ओढत नाही म्हणजे इंजिन गेले, असे नसते. अनेकदा दोष डिझेल, हवा, पाणी किंवा वायरिंगमध्ये निघतो.

आधी कागद, मग पाना

ट्रॅक्टरची नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. आरसीवरचा इंजिन क्रमांक व चेसिस क्रमांक प्रत्यक्ष ट्रॅक्टरशी जुळतो का, बँकेचा बोजा उतरवला आहे का, हे पाहा. दुसऱ्याकडून किंवा गटासाठी ट्रॅक्टर घेत असाल तर हे पहिल्या दिवशीच पाहावे. कागद अडलेला ट्रॅक्टर कितीही चांगला केला, तरी पुढे विकता येत नाही.

सुट्या भागांचीही चौकशी आधीच करा. एचएमटीचे २५११ हे मॉडेल चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरवरून आले होते. एचएमटीचा पिंजोर येथील ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. अशा मॉडेलचे गिअर व हाउसिंग मिळतील का, हे जुन्या भागांच्या दुकानात विचारल्याशिवाय पैसा घालू नये. १०३५ सारख्या मॉडेलची ही चिंता कमी आहे.

सुरू करण्याआधी

ट्रॅक्टर रात्रभर सपाट जागेवर उभा ठेवा. सकाळी इंजिन ऑइलचा खालचा बोल्ट पूर्ण न काढता थोडा सैल करा. ऑइलमध्ये पाणी असेल तर ते तळाशी बसलेले असते आणि आधी तेच बाहेर येते. पाणी आले किंवा ऑइल ताकासारखे पांढरट दिसले, तर हेड गॅसकेट, लायनरची सील किंवा हेडला पडलेली चीर असा दोष संभवतो. वर्षानुवर्षे उभ्या ट्रॅक्टरमध्ये हे पाणी नुसते पावसाचेही असते. म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका. ऑइल बदला, रेडिएटर भरा आणि पाण्याची पातळी उतरते का ते दोन दिवस पाहा.

त्यानंतर नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे इंजिन ऑइल व डिझेलचे मिश्रण सोडा. गिअर न्यूट्रल करून क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवा. नोझल काढलेले असल्याने आत पाणी असेल तर ते छिद्रातून बाहेर पडते. त्या वेळी तोंड छिद्रांसमोर नसावे. इंजिन जाम असेल तर मिश्रण चार-पाच दिवस मुरू द्या आणि रोज थोडे मागे-पुढे हलवून पाहा. लांब पाइप लावून जोर केला तर रिंगा तुटतात. इथे घाई केलेली परवडत नाही.

एअर क्लीनर उघडा. उंदराचे घर, गवत, कुंभारमाशीचा चिखल, काहीही सापडते. जुन्या ट्रॅक्टरचा एअर क्लीनर बहुधा ऑइलचा असतो. त्याची वाटी धुऊन खुणेपर्यंतच नवे ऑइल भरा. खुणेपेक्षा जास्त भरल्यास ते इंजिनात ओढले जाते, कमी असल्यास धूळ आत जाते. क्लीनर ते इंजिन या रबरी नळीला चीर असेल तर ती बदलाच. या एका चिरेतून गेलेली धूळ नवे बोअर-पिस्टनही एका हंगामात खाऊन टाकते.

डिझेल टाकी पूर्ण रिकामी करून गाळ व पाणी काढा, दोन्ही फिल्टर बदला. मग एअर काढायची: आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा, शेवटी नोझलच्या पाइपांचे नट, या क्रमाने. फीड पंपाचा हँडल मारत राहा आणि बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की नट कसा. चालू नोझलच्या फवाऱ्यासमोर बोट कधीही धरू नका. दाब इतका असतो की डिझेल कातडीत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच रुग्णालयात जावे लागते.

रेडिएटरच्या जाळीतला भुसा मागून पुढे पाणी मारून काढा. थर्मोस्टॅट काढून टाकण्याची आपल्याकडे सवय आहे. त्याने इंजिन थंडच राहते, डिझेल नीट जळत नाही आणि झीज वाढते. खराब असेल तर नवा बसवा.

बॅटरी जोडण्याआधी वायरी उंदराने कुरतडल्या आहेत का ते पाहा. बॅटरी काढताना आधी अर्थची, जोडताना अर्थची शेवटी.

पहिल्यांदा सुरू करताना

स्टॉपर ओढून ठेवा आणि दहा-दहा सेकंद सेल्फ मारून ऑइलचा दाब येऊ द्या. मगच स्टॉपर सोडा. एअर क्लीनरच्या तोंडाजवळ एक जाड फळी घेऊन माणूस उभा करा. रिंगा गेलेल्या इंजिनात ऑइलच जळू लागले तर स्टॉपर ओढूनही इंजिन थांबत नाही, वेग वाढतच जातो. तेव्हा फळीने हवा बंद करणे हाच उपाय. हात लावायचा नाही.

इंजिन गरम झाल्यावर धूर पाहा. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, म्हणून आधी एअर क्लीनर व नोझल तपासा. गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला तर न जळलेले डिझेल किंवा पाणी. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. निळ्या धुराबरोबर ब्रीदरमधून जोराचा फुफाटा येत असेल आणि गरम इंजिनाचा ऑइल दाब पडत असेल, तरच इंजिन खोलण्याचा निर्णय पक्का करा. नुसत्या काळ्या धुरावरून 'हाफ इंजिन' काढायला सांगणाऱ्या मिस्त्रीला आधी नोझल तपासून घ्यायला सांगा.

घरचे काम कोणते, बाहेरचे कोणते

खोलणे, धुणे, खुणा करून मांडणे आणि जोडणे हे घरी होते. डिझेल पंप व नोझलचे कॅलिब्रेशन पंप लॅबमध्येच करावे, पंपाचे सील घरी तोडू नये. क्रँक घासणे, हेड सपाट करणे, लायनर बसवणे ही लेथवाल्याची कामे. क्रँक ०.२५ मिमीच्या टप्प्यांत घासतात आणि त्याच मापाचे बेअरिंग लागते. आधी किती वेळा घासला आहे हे मोजून घ्या. शेवटचे माप संपले असेल तर क्रँकच बदलावा लागतो आणि सगळे गणित फिरते. या टप्प्यावर सर्व भागांचे दर कागदावर लिहा, बेरीज करा आणि तसाच चालू ट्रॅक्टर तुमच्या भागात कितीला मिळतो ते विचारा. ब्लॉकला चीर, क्रँक संपलेला आणि गिअरचे दात तुटलेले, असे एकत्र आले तर थांबणे शहाणपणाचे.

हेडचे बोल्ट टॉर्क पान्यानेच, मधून कडेकडे आणि तीन टप्प्यांत कसावेत. दाबाचा आकडा त्या मॉडेलच्या पुस्तकातला घ्या, दुसऱ्या ट्रॅक्टरचा चालत नाही.

क्लच सुटत नसेल तर लगेच ट्रॅक्टर दुभंगू नका. उभ्या ट्रॅक्टरची क्लच प्लेट गंजाने फ्लायव्हीलला चिकटते. पेडल दाबून लाकडाचा टेकू द्या आणि काही दिवस तसेच ठेवा. कधी कधी इंजिन गरम केल्यावर प्लेट सुटते. (पुढे ट्रॅक्टर महिनोन्‌महिने उभा ठेवायचा असेल तेव्हाही असाच टेकू द्यावा.)

प्लेट बदलायचीच असेल तर ट्रॅक्टर मधोमध वेगळा करावा लागतो. घरच्या कामातला सर्वांत धोकादायक टप्पा हाच. पुढचा भाग एका पिनवर डोलणाऱ्या ॲक्सलवर असतो. आधार काढताच इंजिन कुशीवर कलंडू शकते. म्हणून नट सैल करण्याआधी ॲक्सल आणि वरच्या चौकटीच्या फटीत दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकून घ्या. जमीन पक्की असावी, दोन्ही भागांखाली जाड लाकडी ठोकळे किंवा लोखंडी घोडे हवेत. जॅक फक्त उचलायला, भार ठेवायला नाही. विटा तर नाहीच, त्या अचानक फुटतात.

ब्रेक, स्टिअरिंग, लिफ्ट

इंजिन चालू झाले की माणूस नांगर जोडून मोकळा होतो आणि ब्रेक राहून जातात. मागच्या ॲक्सलची सील गळत असेल तर ऑइल ब्रेकवर येते. नवे लायनर टाकण्याआधी सील बदला. दोन्ही पेडल सारखे लागतात का आणि रस्त्यासाठी ते जोडणारी पट्टी जागेवर आहे का, तपासा. पट्टी नसताना भरल्या ट्रॉलीसह एकच ब्रेक लागला तर ट्रॅक्टर जागीच वळतो. पुढचे चाक उचलून हलवा. खेळ दिसला तर हब बेअरिंग, किंगपिनचे बुश आणि टाय रॉडचे एंड बघा.

लिफ्ट उचलत नसेल तर आधी ऑइलची पातळी व फिल्टर, नंतर पंप. उचलते पण भार धरून ठेवत नसेल, तर सिलिंडरच्या सीलकडे संशय जातो. उचललेल्या औजाराखाली हात घालण्याआधी ठोकळा लावा.

रंग सगळ्यात शेवटी. आधी रंगवलेल्या ट्रॅक्टरची गळती झाकली जाते.

इंजिन नवे बांधले असेल तर पहिले ५० तास मध्यम भारावरच चालवा. नांगरट आणि रोटाव्हेटर नको, हलकी पाळी किंवा रिकामी ट्रॉली चालेल. नुसते संथ गतीवर तासन्‌तास चालू ठेवणेही टाळा, त्याने रिंगा बसत नाहीत. त्यानंतर ऑइल व फिल्टर बदला, पुस्तकात सांगितले असेल तर हेडचे बोल्ट पुन्हा कसा आणि टॅपेट तपासा.