बोलून झाल्यावर

वर्गांतील घड्याळाचा कांटा पुढें सरकत असतो. हातांत टांचणांचे दोन कागद घेऊन एक विद्यार्थी फळ्यापाशीं येऊन उभा राहतो. समोरचीं चाळीस-पन्नास तोंडें रोजच्या ओळखीचीं. कालच त्यांतील चौघांबरोबर त्यानें डबा खाल्लेला असतो. तरी आज तीं तोंडें परकीं वाटतात. मागच्या बांकावर शिक्षक गुणदानाचा तक्ता पुढें ठेवून बसलेले असतात. पांच मिनिटांत विषय मांडावयाचा, दोन प्रश्नांचीं उत्तरें द्यावयाचीं आणि जागेवर जाऊन बसावयाचें, एवढाच हा प्रसंग. विद्यार्थी त्यास ‘प्रेझेंटेशन’ म्हणतात; मराठींत त्यास तोंडी निवेदन म्हणतां येईल. शाळा-महाविद्यालयांतून तें आतां अभ्यासाचा भाग झालें आहे आणि त्यास गुणही असतात.

परंतु या प्रसंगाचा अधिक बोधप्रद भाग तो संपल्यानंतर सुरू होतो. कांहीं शिक्षक त्याच दिवशीं मुलांपुढें कोरा कागद ठेवतात आणि विचारतात, काय साधलें, काय फसलें, आणि तें कां? या कागदांवर बहुधा तींच तीं वाक्यें पुनः पुनः उमटतात. “माझे हात कापत होते आणि तें सर्वांनीं पाहिलें.” “घरीं सगळें पाठ होतें, तेथें मधलेंच आठवेना.” “प्रश्नाचें उत्तर उभा असतांना सुचलें नाहीं, जागेवर बसल्याबरोबर सुचलें.” वरवर पाहतां हीं रडगाणीं वाटतात. वस्तुतः यांतील प्रत्येक वाक्यामागें मनाच्या व्यापाराचा एकेक नियम आहे, आणि तो नियम कळला म्हणजे पुढचें भाषण सुधारण्याची वाटही दिसूं लागते.

प्रथम भीतीचाच विचार करावा. श्रोत्यांसमोर उभें राहिल्यावर छाती धडधडणें, घसा कोरडा पडणें, तळहात ओले होणें, हीं भित्र्या स्वभावाचीं लक्षणें आहेत असा अनेक घरांतून समज असतो. जर्मनींतील ट्रिअर विद्यापीठांतील संशोधकांनीं १९९३ सालीं या गोष्टीची शास्त्रीय कसोटी प्रसिद्ध केली. माणसाला थोडा वेळ तयारीस द्यावयाचा, मग निर्विकार चेहऱ्यानें बसलेल्या परीक्षकांपुढें पांच मिनिटें बोलावयास लावावयाचें आणि लगेच तोंडी हिशेब करावयास सांगावयाचा: १०२२ मधून १३ वजा करा, बाकींतून पुन्हा १३, आणि चूक झाली कीं पहिल्यापासून. या कसोटीस बसलेल्या माणसांच्या नाडीचे ठोके वाढले. ‘कॉर्टिसॉल’ नांवाच्या द्रव्याचें लाळेंतील प्रमाण दुपटीपासून चौपटीपर्यंत चढलें. पुढें २००४ सालीं अशा २०८ प्रयोगांचा एकत्र विचार झाला, तेव्हां असें दिसून आलें कीं, काम नुसतें कठीण असल्यानें शरीर इतकें खवळत नाहीं. दुसरा कोणी आपली पारख करीत आहे, आणि तिचा निकाल आपल्या हातीं नाहीं, अशी जाणीव झाली म्हणजे तें सर्वांत अधिक खवळतें. गुण असलेलें तोंडी निवेदन म्हणजे नेमकी हीच परिस्थिति होय. म्हणून हात कापणाऱ्या मुलाला “त्यांत घाबरण्यासारखें काय आहे?” असें म्हणणें व्यर्थ आहे. घाबरण्यासारखें कांहीं तरी त्यांत आहेच. त्याचें शरीर खोटें बोलत नाहीं.

मात्र त्याच मुलाच्या वाक्याचा उत्तरार्ध, म्हणजे “तें सर्वांनीं पाहिलें” हा, बहुधा खोटा असतो. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत थॉमस गिलोविच व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलेले प्रयोग २००० सालीं प्रसिद्ध झाले. एका प्रयोगांत विद्यार्थ्यास एका गायकाचें मोठें चित्र असलेला, घालावयास लाज वाटेल असा सदरा चढवून इतरांनीं भरलेल्या खोलींत पाठविलें. सुमारें निम्म्या लोकांनीं आपलें चित्र पाहिलें असेल असा त्याचा अंदाज. प्रत्यक्षांत सुमारें चतुर्थांश लोकांच्याच तें लक्षांत आलें होतें. २००३ सालीं केनेथ सॅविट्स्की व गिलोविच यांनीं हाच विचार भाषणाला लावून पाहिला. वक्त्याला आपली घालमेल जितकी बाहेर दिसते असें वाटतें, तितकी ती श्रोत्यांस दिसत नाहीं. आणि ही गोष्ट ज्या विद्यार्थ्यांना भाषणापूर्वीं नीट समजावून सांगितली, त्यांचीं भाषणें त्यांना स्वतःला तर बरीं वाटलींच, पण ऐकणाऱ्यांनींही तीं अधिक चांगलीं ठरविलीं. एका साध्या माहितीनें एवढें काम केलें!

भीति घालविण्याचा दुसराही एक प्रचलित उपाय आहे: “शांत हो, शांत हो” असें स्वतःस बजावणें. तो फारसा उपयोगी पडत नाहीं, कारण उसळलेलें शरीर आज्ञेनें निवत नाहीं. ॲलिसन वुड ब्रुक्स यांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत भाषणापूर्वीं “मी उत्सुक आहें” असें म्हणणारे लोक “मी शांत आहें” म्हणणाऱ्यांपेक्षां सरस बोलले. छातीची धडधड दोन्ही भावनांत सारखीच असते. तिला नांव कोणतें द्यावयाचें, एवढें मात्र बोलणाराच्या स्वाधीन असतें.

आतां दुसरें वाक्य: “घरीं सगळें पाठ होतें.” याचें मर्म रॉबर्ट झायोंक यांनीं १९६५ सालीं मांडलेल्या सिद्धांतांत सांपडतें. दुसऱ्यांच्या सान्निध्यांत माणसाची अंगवळणीं पडलेली कृति अधिक चांगली होते. कच्ची किंवा नवी कृति मात्र अधिक बिघडते. मुरलेला कीर्तनकार सभा भरली कीं खुलतो; नवशिका तेथेंच अडखळतो. खोलीचें दार लावून मनांतल्या मनांत वाचलेलें भाषण अंगवळणीं पडलेलें नसतें, कारण तें जिभेवर आलेलेंच नसतें. उभें राहून, मोठ्यानें आणि निदान एका माणसासमोर केलेली उजळणीच खरी उजळणी होय. शिवाय शब्दशः केलेलें पाठांतर हें साखळीसारखें असतें; एक कडी निसटली कीं पुढच्या सर्व कड्या हातून जातात. यास्तव आरंभाचीं दोन वाक्यें व शेवटचें वाक्य मुखोद्गत असावें, आणि मधल्या भागाचे केवळ मुद्दे व त्यांचा परस्परसंबंध ध्यानांत ठेवावा. मुद्दा विसरला तरी संबंधाच्या आधारानें तो पुन्हा हातीं लागतो.

तिसरें वाक्य प्रश्नोत्तरांचें. उभें असतांना मनाचा मोठा भाग स्वतःवर पहारा करण्यांत गुंतलेला असतो. आवाज कसा येतो, शिक्षकांनीं आतां काय लिहिलें, कोण हंसलें, इकडेच तें धांवतें. विचारासाठीं उरलेली जागा थोडी. बसल्याबरोबर पहारा उठतो आणि उत्तर सुचतें. म्हणून प्रश्न ऐकल्यावर तो स्वतःच्या शब्दांत एकदां उच्चारून पाहावा, क्षणभर थांबावें आणि मग बोलावें. तो क्षण बोलणाराला युगासारखा वाटतो. ऐकणाराला तें विचाराचें लक्षण वाटतें.

एथपर्यंत बोलणाराचा विचार झाला. परंतु गुण देणारालाही आत्मपरीक्षणाची तितकीच आवश्यकता आहे. एडवर्ड थॉर्नडाइक यांनीं १९२० सालींच दाखवून दिलें होतें कीं, वरिष्ठ अधिकारी हाताखालच्या माणसाच्या निरनिराळ्या गुणांची पारख करतात, तेव्हां एका गुणाची छाया बाकीच्या सर्वांवर पडते. वर्गांतही हेंच होतें. ज्याचा आवाज भरदार त्याचा अभ्यासही सखोल वाटतो, आणि जिचा आवाज बारीक तिचा मुद्दाही बारीक वाटतो. महाराष्ट्रांत याला आणखी एक पदर आहे. वऱ्हाडांतून, खानदेशांतून किंवा तळकोंकणांतून शहरांत आलेल्या मुलाच्या तोंडीं घरची बोली असते. त्यानें ‘पाणी’ ऐवजीं ‘पानी’ म्हटलें कीं वर्गांत खसखस पिकते. त्यानें पाटबंधाऱ्यांविषयीं केलेला विचार कितीही चोख असला, तरी हंशाचा परिणाम नकळत तक्त्यावर उतरतो. पुढच्या वेळीं तो मुलगा कमींत कमी शब्दांत बोलून मोकळा होतो, आणि त्याच्या कागदावर एकच वाक्य असतें: “मला बोलतां येत नाहीं.” त्याला बोलतां येत असतें, त्याच्या बोलीला वर्गांत जागा नसते, इतकेंच. उच्चार तपासावयाचा असेल तर त्याचे गुण वेगळे व आगाऊ सांगून ठेवावे. विषयाचें ज्ञान, मांडणी आणि उत्तरें यांच्या रकान्यांत त्याला शिरूं देऊं नये.

हा प्रश्न एका वर्गापुरता नाहीं, हें अलीकडच्या इतिहासावरून ध्यानांत येईल. महाराष्ट्र राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाच्या दहावीच्या परीक्षेंत भाषाविषयांस असलेले २० अंतर्गत गुण २०१८-१९ या वर्षीं काढून टाकण्यांत आले. तोंडी परीक्षा याच गुणांत मोडत असे. मार्च २०१९ च्या परीक्षेचा निकाल ७७.१० टक्के लागला. आदल्या वर्षीं तो ८९.४१ टक्के होता. त्याच वेळीं अभ्यासक्रमही बदलला असल्यामुळें ही सारी घट एकाच कारणाच्या खातीं घालतां येत नाहीं. तथापि वाद मोठा झाला. शाळा हे गुण सढळ हातानें वाटतात, असें एका पक्षाचें म्हणणें. इतर मंडळांच्या मुलांना अंतर्गत गुण मिळत असतां आमच्याच मुलांनीं अकरावीच्या प्रवेशांत मागें कां पडावें, असें दुसऱ्याचें. अखेर २०१९-२० पासून ८० व २० गुणांची जुनी विभागणी परत आली. इंग्लंडांत याच अडचणीवर निराळा तोडगा निघाला. शाळाशाळांच्या गुणदानांत मेळ नाहीं म्हणून २०१४ पासून इंग्रजीच्या शालान्त परीक्षेंतील भाषण-श्रवणाचे गुण मुख्य श्रेणींतून वगळले गेले. पुढें विद्यार्थ्यानें भाषण करणें आवश्यक राहिलें, पण त्याचा शेरा प्रमाणपत्रावर स्वतंत्र नोंदविला जाऊं लागला. दोन्ही तोडग्यांत कांहीं गमवावें लागतें. गुण मोजले तर अन्यायाची शंका राहते; न मोजले तर बोलण्याकडे दुर्लक्ष होण्याची भीति असते.

यांतून वाट काढण्यास आत्मपरीक्षणाचा तो कोरा कागदच उपयोगी पडण्यासारखा आहे. ग्रॅहॅम गिब्स यांनीं १९८८ सालीं त्याच्या सहा पायऱ्या सांगितल्या: काय घडलें, काय वाटलें, काय बरें-वाईट झालें, तें कां झालें, त्यावरून काय शिकलों आणि पुढें काय करणार. बहुतेक कागद दुसऱ्या पायरीवरच थांबतात. “मी घाबरलों” एवढें लिहिलें कीं सर्व सांगितल्यासारखें वाटतें. याउलट एखादी विद्यार्थिनी लिहिते: “तिसऱ्या मुद्द्याकडे येतांना मीं कागद पाहिला, कारण दुसऱ्या मुद्द्यातून तिसरा कसा निघतो हें मलाच उमजलें नव्हतें.” येथें भीतीचा पडदा बाजूस सरून अभ्यासांतील खरी उणीव उघडी पडते. अडखळण्याचें कारण नेहमीं भय नसतें. पुष्कळदां न समजलेला भाग आपली जागा दाखवीत असतो. हें ज्याला स्वतःच्या लेखणीनें सांपडलें, त्याला गुणांच्या आंकड्याहून मोठें कांहीं मिळालें.

येथें एक सावधगिरी मात्र हवी. या कागदालाच गुण लावले तर मुलें शिक्षकांना आवडेल तेंच लिहितात. एक माफक चूक कबूल करावयाची, एक सुधारणेचा संकल्प सोडावयाचा, असा त्याचा सांचा ठरून जातो. आत्मपरीक्षणाचेंही मग निवेदनच होतें. हा कागद गुणांविना असावा आणि पुढच्या भाषणाच्या आदल्या दिवशीं तो विद्यार्थ्याच्या हातीं परत यावा. तरच त्याचें सार्थक होतें.

घरच्या मंडळींनाही यांत थोडें करतां येण्यासारखें आहे. रात्रीं जेवणें आटोपल्यावर पांच मिनिटें मुलाचें भाषण उभ्यानें ऐकवून घ्यावें, मधें टोकूं नये, आणि शेवटीं चुकांची यादी न देतां ज्याचें उत्तर खरोखरच ठाऊक नाहीं असा एखादा प्रश्न विचारावा. खरी जिज्ञासा समोर दिसली कीं बोलणारा स्वतःला विसरतो आणि विषयाकडे वळतो. पुण्यास १८७५ सालीं न्यायमूर्ति रानडे यांच्या पुढाकारानें वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तिच्या मुळाशीं समाजानें एकत्र बसून ऐकावें व विचार करावा हीच श्रद्धा होती. चांगला वक्ता घडविण्यास चांगला श्रोता लागतो. वर्गांतील त्या पांच मिनिटांचे गुण एका विद्यार्थ्याच्या नांवावर पडतात. परंतु तीं पांच मिनिटें कशीं ऐकलीं गेलीं, याची परीक्षा बाकी चाळीस जणांची असते.