संधी कुणाला दिसते, वाट कोण धरतं?

हातात वर्तमानपत्र द्यायचं आणि सांगायचं, यातली छायाचित्रं मोजा. ब्रिटनमधल्या हर्टफर्डशायर विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन यांनी हे काम दोन गटांना दिलं. एका गटात स्वतःला नशीबवान समजणारे, दुसऱ्यात नशिबाला बोल लावणारे. दुसऱ्या गटाला सरासरी दोन मिनिटं लागली, पहिल्याला काही सेकंद. कारण दुसऱ्याच पानावर, अर्धं पान व्यापेल एवढ्या मोठ्या अक्षरांत छापलं होतं : मोजणं थांबवा, या अंकात 43 छायाचित्रं आहेत. मजकूर सगळ्यांच्या समोरच होता, पण मोजण्यात गढलेल्यांना तो दिसलाच नाही.

वाइजमन यांच्या मते चिंतेनं माणसाची नजर अरुंद होते. नशीबवान गट जास्त बहिर्मुख, नव्या अनुभवांना उत्सुक आणि कमी चिंतातुर निघाला. कर्तव्यदक्षतेत मात्र दोन्ही गट सारखेच होते. मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. कारण हातातलं काम तडीस नेण्याची ही वृत्तीच पुढे नोकरी-व्यवसायात साथ देते. बॅरिक आणि माउंट या संशोधकांनी 1991 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा पाहिलेल्या सर्व प्रकारच्या व्यवसायांत कर्तव्यदक्षतेचा चांगल्या कामाशी संबंध आढळला. म्हणजे संधी हेरणारा स्वभाव आणि वर्षानुवर्षं एक वाट धरून चालणारा स्वभाव ही दोन वेगळी अंगं आहेत. एक असलं की दुसरं आपोआप येत नाही.

मग यातला चांगला स्वभाव कोणता? याचं उत्तर नेदरलँड्समधल्या एका चिमणीएवढ्या पक्ष्यानं दिलं आहे. ग्रेट टिट हा तो पक्षी. संशोधक रानातून एकेक पक्षी पकडत आणि पाच कृत्रिम झाडं असलेल्या अनोळखी खोलीत सोडत. काही पक्षी भराभर या झाडावरून त्या झाडावर जात, तर काही एकाच फांदीवर बराच वेळ थांबून अंदाज घेत. धीटांना चटकन सवय लागे आणि खाण्याची जागा बदलली तरी ते जुन्याच जागी घिरट्या घालत. सावध पक्ष्यांना बदल लवकर उमगे. रानात कोण तगतं हे पाहिलं, तर दरवर्षी चित्र वेगळं. बीच वृक्षाचं बी मुबलक आलं त्या वर्षी एका स्वभावाच्या माद्या जास्त तगल्या, टंचाईत दुसऱ्या. नरांमध्ये नेमकं उलटं. म्हणूनच दोन्ही स्वभाव टिकून राहिले असावेत.

माणसांचे असे दोन कप्पे तर पडतच नाहीत. बहुतेक जण मधेच कुठेतरी असतात, आणि तिथेही कायमचे नसतात. संशोधक ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये 92 दीर्घकालीन नमुन्यांची आकडेवारी एकत्र मांडली. कर्तव्यदक्षता आणि भावनिक स्थैर्य सर्वांत जास्त वाढतं ते विशीपासून चाळिशीपर्यंत.

दहावी-बारावीच्या निकालानंतर घराघरांत मुलांवर शिक्के बसतात : हा धरसोड्या, ती बुजरी. आईवडिलांनो, तो शिक्का मारू नका. तुमच्या मुलाच्या स्वभावाची घडण अजून पुढची वीस वर्षं चालणार आहे.